काका, विमान पडतंय!

"कुठं राहता?"

"येरवड्याला."

"आत की बाहेर?"

हा संवाद मी गेली एकतीस वर्षं ऐकतोय. विचारणाऱ्याला दर वेळी वाटतं, हा विनोद आपल्यालाच सुचला. सरावानं मला आता त्याचे पोटप्रकारही ओळखता येतात. समोरचा माझ्या हातांकडं बघत असेल तर त्याला तुरुंग म्हणायचंय आणि डोळ्यांकडं बघत असेल तर मनोरुग्णालय. ऑगस्ट २०२४ मध्ये येरवड्याचं मेट्रो स्टेशन सुरू झालं, तेव्हा वाटलं, चला, आता आपली ओळख बदलेल. एकदा हौसेनं मेट्रोत बसलो. 'येरवडा' अशी घोषणा झाली आणि मागचा एक कॉलेजकुमार शेजारच्या मित्राला म्हणाला, "ऊठ, तुझं स्टेशन आलं." डबाभर हशा. उतरलो मी.

तेव्हा अनुभवाचे बोल सांगतो. येरवड्याच्या माणसाला डोक्याची बारीकशी जरी तक्रार असली, तरी त्यानं उपचार कोथरूडला जाऊन घ्यावेत. मी घरापासून दहा मिनिटांवर घेतले, त्याची ही कहाणी.

तक्रार साधीच होती. झोप. मी बँकेतून निवृत्त झालो आणि सोसायटीनं मला सेक्रेटरी केलं, म्हणजे बाकीचे सगळे त्या मीटिंगला आले नव्हते. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात पाण्याचा टँकर उभा आहे. तो येईल का, आला तर किती भरलेला येईल, ड्रायव्हर पाइप आपल्याच टाकीत सोडेल ना, 'बी' विंगचे जोशी (नाव बदललंय, जोशींना कळेलच) पुन्हा लिटरचा हिशेब मागतील का, ह्या विचारांनी रात्री दोनला जाग यायची. पहाटे जरा डोळा लागला की लोहगावहून उडालेलं सुखोई आमच्या गच्चीवरून देश वाचवायला जायचं.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. सगळ्या चांगल्या आल्या, त्यामुळे मी थोडा नाराज झालो. ते म्हणाले, "गोळ्या नकोत. बायोफीडबॅक करून बघा. जमलं तर न्यूरोफीडबॅकही."

"म्हणजे काय?"

"शरीराला आरसा दाखवायचा. तुमच्या नाडीचे ठोके, तळहाताचा घाम, बोटांची ऊब, मेंदूच्या लहरी, हे सगळं तुम्हाला समोर पडद्यावर दिसतं. दिसलं की हळूहळू ताब्यात येतं."

मला पोटाचा घेर गेली वीस वर्षं रोज आरशात दिसतोय. पण डॉक्टरांशी वाद घालू नये.

गुंजन चौकात रिक्षा केली. "शास्त्रीनगर," मी म्हणालो.

"तिथं कुठं, काका?"

"एक क्लिनिक आहे. मेंदूच्या लहरी मोजतात."

त्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं. मग आवाज एकदम मऊ करून म्हणाला, "मग सरळ सांगायचं ना, काका. लाजायचं काय त्यात? माझ्या मावसभावाला तिथलंच औषध लागू पडलं. आता टेम्पो चालवतो." आणि रिक्षा थेट विश्रांतवाडीच्या बाजूला वळवली. अडीच हजारांवर खाटांचं ते जुनं मनोरुग्णालय. तिथं खरोखरीच्या आजारी माणसांवर खरोखरीचे उपचार होतात, आणि सगळं पुणे मात्र त्याचा पत्ता भांडणात वापरतं. 'खरे वेडे तर बाहेरच असतात' हे वाक्यही मी इतक्यांदा ऐकलंय की ते म्हणणाऱ्याला मी आता चहासुद्धा विचारत नाही. रिक्षावाल्याला मात्र रागावता येईना. तो इतका मायेनं घेऊन चालला होता. फाटकाशी पोचल्यावर मी त्याला खरी हकीकत सांगितली. त्यानं ती समजुतीनं ऐकून घेतली, म्हणजे त्याचा अजिबात विश्वास बसला नाही.

क्लिनिकमध्ये एक तरुण ताई होत्या. त्यांचा पहिला प्रश्न, "डोक्याला तेल नाही ना लावलं, काका?"

"लावायचं कशाला?" मी टोपी काढली.

ताईंचा चेहरा उजळला. बाकीच्यांच्या डोक्यात म्हणे केस बाजूला सारा, कातडी घासा, पांढरी पेस्ट भरा, इलेक्ट्रोड चिकटवा, ह्यातच पंधरा मिनिटं जातात. माझ्या टाळूच्या मधोमध इलेक्ट्रोड टेकताक्षणी चिकटला. यंत्राकडं बघून त्या म्हणाल्या, "वा! तुमचा कॉन्टॅक्ट एक नंबर आहे." माझ्या टकलाचं आयुष्यात प्रथमच कुणी कौतुक केलं. ते मी घरी जाऊन तीनदा सांगितलं. दोन्ही कानांच्या पाळ्यांना भिकबाळीसारख्या क्लिपा लागल्या आणि समोरच्या पडद्यावर माझा मेंदू वळवळू लागला.

"हा मोठा डोंगर कसला?" मी अभिमानानं विचारलं.

"तुम्ही डोळे मिचकावलेत."

"आणि ही दाट झाडी?"

"दात आवळताय. जबडा सैल सोडा."

"आणि ही एकसारखी, ठाम, अजिबात न हलणारी रेघ?"

"ती भिंतीतल्या वायरिंगची आहे. ५० हर्ट्झ. ती आपण गाळून टाकतो."

माझ्या डोक्यात स्थिर असं जे काही होतं, ते वीजमंडळाचं निघालं.

मग त्यांनी लहरी समजावल्या. सेकंदाला चारपेक्षा कमी हेलकावे म्हणजे डेल्टा, ती गाढ झोपेतली. चार ते आठ थीटा, पेंगतानाची. आठ ते बारा अल्फा, डोळे मिटून निवांत बसल्यावरची. त्यापुढं तीसपर्यंत बीटा, म्हणजे कामात असल्याची, काळजीची. माझ्याकडं बीटा भरपूर होती. अल्फा शोधावी लागली.

ही अल्फा प्रथम पाहिली ती जर्मनीत येना इथल्या हान्स बर्गर ह्या डॉक्टरांनी. तरुणपणी सैन्यात असताना ते घोड्यावरून पडले, तोफेच्या गाड्याखाली जाता जाता वाचले आणि त्याच संध्याकाळी घरून तार आली की बहिणीला आज तुझी फार काळजी वाटतेय, बरा आहेस ना? मनातलं मनाला कसं कळलं हे शोधायला बर्गर मेंदूच्या मागे लागले. टेलिपथी काही सापडली नाही, पण १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून विजेच्या लहरींची पहिली नोंद त्यांनी केली, आणि भीत भीत ती १९२९ मध्ये छापली. बहिणीचं प्रेम इतकं कामी आल्याचं दुसरं उदाहरण विज्ञानात नसावं. माझ्या बहिणीला मी फोन करून आजारपण सांगितलं तरी ती म्हणते, "ते असू दे, वहिनीला दे."

तर पडद्यावर एक विमान आलं. ठरलेली लहर वाढली की विमान वर जाणार, काळजीची लहर वाढली की खाली येणार. खेळायला हात लावायचा नाही. नुसतं बघायचं. मी बाह्या सरसावल्या, खुर्चीच्या कडेला सरकलो आणि सगळं बळ एकवटून शांत झालो.

विमान पडलं.

"काका, प्रयत्न करू नका."

"मग काय करू?"

"काहीच करू नका."

मी काहीच न करण्याचा जबर प्रयत्न केला. विमान धावपट्टीवरच पेटलं. खरं तर काही न करणं मला नवीन नाही. बँकेत चौतीस वर्षं काढलीत. पण तेव्हा कुणी मोजत नव्हतं. इथं समोर आकडा पळतोय म्हटल्यावर माझ्यातला पुण्याच्या शाळेतला स्कॉलरशिपचा मुलगा जागा झाला. शेजारच्या खोलीतून मधूनमधून एक खूश 'टिंग' ऐकू येई. "तिकडं कोण आहे?" मी विचारलं. "नऊ वर्षांचा मुलगा आहे. लक्ष लागत नाही म्हणून येतो." टिंग. टिंग टिंग. ज्याचं लक्ष लागत नाही तो माझ्या पुढं! माझं उरलंसुरलं विमानही गेलं.

धीर द्यायला ताई म्हणाल्या, "अहो, अभिनव बिंद्रानंसुद्धा असलं प्रशिक्षण घेतलं होतं." त्यांचं खरं आहे. पण बिंद्राला २००८ मध्ये बीजिंगला दहा मीटरवरचं लक्ष्य टिपायचं होतं. मला टँकरवाला टिपायचा होता, आणि तो फोन उचलत नाही.

तिसऱ्या बैठकीला विमान जमिनीपासून बोटभर वर उचललं आणि वीज गेली. यूपीएस केकाटला, पडदा काळा. ताई ओशाळल्या. मी म्हटलं, काही हरकत नाही, येरवड्याच्या माणसावर उपचार चालू असताना वीज जाण्याची परंपरा जुनी आहे. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना अपेंडिक्सनं गाठलं, ससूनमध्ये आणलं आणि १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक ऑपरेशन करत असताना दिवे गेले. कंदिलाच्या उजेडात ऑपरेशन पूर्ण झालं. योगायोग बघा, त्याच वर्षी तिकडं बर्गर डोक्याला तारा लावत होते, आणि त्याच वर्षी इकडं लोणावळ्यात स्वामी कुवलयानंद कैवल्यधाम काढून योग्यांचे एक्स-रे घेत होते, प्राणायामात रक्तदाब किती होतो ते मोजत होते. म्हणजे शांततेचं मोजमाप करायची खुमखुमी दोन्हीकडं एकदमच आली. ताई ऐकत होत्या की नाही कोण जाणे, पण वीज येईपर्यंत मी पाऊण तास बोललो. त्या पाऊण तासाचेही बाराशे रुपये झाले.

घरी आल्यावर हिनं विचारलं, "काय शिकलात?"

मी मांजरांची गोष्ट सांगितली. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन ह्या शास्त्रज्ञानं उपाशी मांजरांच्या डोक्याला तारा लावल्या. सेकंदाला बारा ते पंधराची एक विशिष्ट लहर मेंदूत उमटली की मांजराला दूध आणि कोंबडीचं सूप. मांजरं शिकली! अंग निश्चल, लक्ष मात्र जागं, अशी बसू लागली. पुढं त्याच स्टर्मनकडं वेगळंच काम आलं. रॉकेटच्या इंधनाची वाफ किती विषारी आहे ते बघायचं होतं. ती वाफ अंगात गेली की झटके येतात. प्रयोगातल्या मांजरांपैकी काही मात्र बराच वेळ तग धरून राहिली. कोणती म्हणून बघितलं, तर आधी लहरींचं शिक्षण झालेली. मिरगीच्या रोग्यांसाठी न्यूरोफीडबॅक वापरायची कल्पना तिथून निघाली.

हिनं शांतपणे ऐकलं. "म्हणजे मांजराला जमलं."

"त्यांना सूप होतं."

"आणि तुम्हाला नाही जमलं."

मुलगी बंगळुरूला असते. तिच्यापर्यंत ही बातमी आईमार्फत योग्य त्या अतिशयोक्तीसह पोचली आणि वाढदिवसाला तिनं एक पट्टा पाठवला. कपाळावर बांधायचा, फोनला जोडायचा, डोळे मिटून बसायचं. मन भरकटलं की कानात वादळवारा वाजतो, मन शांत झालं की पक्षी किलबिलतात. शेवटी शंभरपैकी गुण. शंभरपैकी!

पहिल्या सकाळी गॅलरीत बसलो. अर्ध्या मिनिटात किलबिल सुरू झाली. पुढं तर काय विचारता, एक कोकीळ असा काही लागला की माझे डोळे भरून आले. चाळीस मिनिटं! टँकर नाही, जोशी नाही, कुणी नाही. मला वाटलं, आता बहुतेक समाधीच लागली, हिला हाक मारावी का? पट्टा काढून फोन बघितला. आवाज बंद होता. पट्टा जोडलेलाच नव्हता. समोरच्या आंब्यावरचा कोकीळ मात्र अजून ओरडत होता. त्या बिचाऱ्याच्या विरहावर मी चाळीस मिनिटं शांत झालो होतो.

दुसऱ्या दिवशी पट्टा नीट जोडला. गुण १९. चाळीस मिनिटं वादळ.

मुलीनं आणखी एक डबी पाठवली होती, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. दोन बोटं तिच्यावर ठेवायची. ताण आला की तळव्याला सूक्ष्म घाम येतो, घामानं कातडीतून वीज सुलभ जाते आणि डबीचा सूर चढतो. निवांत झालं की सूर उतरतो. हेतू असा की सूर उतरवत उतरवत माणसानं झोपेच्या दाराशी जावं. आमच्याकडं ती जेवणाच्या टेबलावर गेली.

"बोटं ठेवा," ही म्हणाली. "वांग्याची भाजी आवडली?"

"मस्त झालीय."

डबी कुकरसारखी ओरडली.

कार्ल युंग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोग्यांना एकेक शब्द ऐकवून, कुठल्या शब्दाला कातडी दचकते ते असल्याच यंत्रानं बघत असत. आमच्याकडं युंगचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, तरी पद्धत घरबसल्या सापडली. ही आणि माझी आई समोरासमोर बसल्या आणि आळीपाळीनं शब्द टाकू लागल्या. "टँकर." सूर चढला. "जोशी." चढला. "तुमचा मेहुणा." चांगलाच चढला, त्यावर हिनं पाणी प्यायलं. मग आईनं सहज म्हणून टाकलं, "प्लॉट." डबीनं जो गळा काढला, तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला असेल. वाघोलीचा तो प्लॉट मी २००९ मध्ये घेतला होता आणि योग्य वेळ आली की घरात सांगणार होतो. ती योग्य वेळ एका काडेपेटीएवढ्या डबीनं ठरवली. तुरुंग आमच्या घरापासून एक किलोमीटरवर आहे. तिथल्या कैद्यांचीही इतक्या झटपट कबुली होत नसेल.

त्या रात्री झोपेचा प्रश्नच नव्हता.

आता आईबद्दल. वय चौऱ्याऐंशी, रोज पहाटे एकशे आठ मण्यांची माळ. तिला खूश करावं म्हणून मी सांगितलं, "आई, २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी छापलंय. लॅटिनमधली जपमाळ म्हणा नाहीतर आपल्याकडचा मंत्र म्हणा, दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि नाडी, रक्तदाब सगळं एका तालात चालतं. आता त्यासाठी यंत्रं निघालीत."

"मिनिटाला सहाच?" आई म्हणाली. "मग मी भरभर म्हणते."

मी तिला पट्टा बांधला. मनात म्हटलं, बघाच आता. सत्तर वर्षांची साधना! यंत्र लाजेल, पक्ष्यांचा थवा उठेल. माळ संपली. गुण २२.

आई खवळली. "यंत्र ढ आहे."

"तुझ्या मनात काय चाललं होतं?"

"नाव घेत होते देवाचं." मग थोडं थांबून, "आणि त्या देशपांडीणबाईंनी माझं पातेलं अजून दिलं नाही."

त्या दिवसापासून पट्टा माझा राहिला नाही. आई पहाटे पाचला तो बांधून बसते. माळ झाली की चष्मा लावून आकडा बघते. भजनी मंडळात तिनं तो आकडा सांगायला सुरुवात केल्यापासून तिथं आणखी तिघींना पट्टा हवा आहे, आणि एकीनं म्हणे चाळीस मिळाल्याचं खोटंच सांगितलं. ते तपासायला आई आता डबी घेऊन जाणार आहे.

सकाळी मी बंडगार्डनच्या पुलावर फिरायला जातो. तिथं एक निवृत्त सर्जन भेटतात. त्यांना मी विचारलं, ह्या सगळ्याला पुरावा आहे का हो?

"आहे ना. डोकेदुखीत आहे, अर्धशिशीत आहे. पण भक्कम पुरावा कशात आहे, सांगू?"

"सांगा."

"बद्धकोष्ठात." आणि ते पुलावर थांबून खुलाशानं सांगू लागले. काही माणसं जोर करताना खालचे स्नायू सैल सोडायच्या ऐवजी आवळतात. तिथं सेन्सर ठेवून पडद्यावर दाखवलं की कुठं आवळताय नि कुठं सोडायचंय, की बहुतेकांना जमतं. फार सुंदर निकाल आहेत. आजूबाजूचे दोघंतिघं फिरणारे थांबून ऐकू लागले होते. सर्जनसाहेब माझ्या टकलाकडं बघत म्हणाले, "तुम्ही भलत्या टोकाला लावून घेतलंत."

परतताना तुरुंगाच्या लांबलचक भिंतीकडून आलो. इथंच आत गांधीजी चरखा चालवत. पेटीत मावणारा जो सुटसुटीत चरखा आहे, त्याचं नावच मुळी येरवडा चक्र. मन जरा चळलं की हात चुकतो, हात चुकला की सूत तुटतं, आणि सूत तुटलं की त्याच क्षणी कळतं. आणखी कसला फीडबॅक हवा? चार्जिंग नाही, पेस्ट नाही, दर महिन्याची वर्गणी नाही. मी घरी येऊन म्हटलं, चरखा आणू या का? ही म्हणाली, "आधी प्लॉटचे कागद आणा."

आणि मग अकराव्या बैठकीत चमत्कार झाला.

विमान उडालं. नुसतं उडालं नाही, वर गेलं, ढगात गेलं, ढगाच्या वर गेलं. टिंग. टिंग टिंग टिंग. मी तोंड वासून बघत राहिलो. मला वाटलं, मी आता काही करतच नाहीये, हेच ते! बारावी बैठक तशीच. तेरावीत तर विमानानं पडद्याचं वरचं टोक गाठलं. ताईंनी टाळ्या वाजवल्या. मी घरी पेढे नेले. आणि खरं सांगतो, त्या आठवड्यात मी सहा-सहा तास झोपलो. टँकर दोनदा अर्धाच आला, मी ड्रायव्हरला "असू दे रे" म्हणालो. जोशींनी लिटरचा हिशेब मागितला, तो मी हसून दिला. जोशी घाबरले. त्यांनी हिला फोन करून विचारलं, "साहेबांची तब्येत बरी आहे ना?"

चौदाव्या बैठकीला गेलो तर ताईंचा चेहरा उतरलेला. बाहेरच्या खोलीत एक बाई तावातावानं बोलत होत्या. "पैसे भरून पोरगं बिघडलंय माझं! आधी निदान उडवत तरी होता. गेल्या तीन वेळेला सारखं पडतंय. रडत घरी येतो."

मला काहीतरी जाणवलं. तळहाताला सूक्ष्म घाम आला.

ताईंनी हळू आवाजात सांगितलं. ह्या खोलीतला आणि त्या खोलीतला, लहरी पडद्याकडं पाठवणारे दोन्ही बिनतारी डबे एकाच रंगाचे. अकराव्या बैठकीला त्यांची अदलाबदल झाली होती. तीन बैठका माझ्या पडद्यावर त्या मुलाचा मेंदू उडत होता. आणि त्याच्या पडद्यावर माझा.

"म्हणजे ते विमान..."

"त्याचं होतं, काका."

"आणि माझी झोप?"

ताईंकडं उत्तर नव्हतं. सर्जनसाहेबांकडं होतं, ते दुसऱ्या दिवशी पुलावर मिळालं. २०१७ मध्ये 'ब्रेन' ह्या नियतकालिकात ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी असाच प्रयोग छापलाय म्हणे, मुद्दाम केलेला. निद्रानाश झालेल्या माणसांना काही वेळा खरं न्यूरोफीडबॅक दिलं आणि काही वेळा तसंच दिसणारं खोटं. कुठलं कधी ते त्यांना सांगितलं नाही. झोप सुधारल्याचं लोकांनी दोन्हींनंतर सांगितलं. खऱ्याचा खोट्याहून जास्त उपयोग काही दिसला नाही. मी मात्र बैठकीमागं बाराशे रुपये भरून त्या मांडणीत बसलो होतो, तेही विनापरवानगी.

पण ते नंतरचं. त्या क्षणी मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. आत डबे तपासणं चालू होतं. शेजारी तो मुलगा बसला होता, पाय हलवत. हातात शेंगदाण्याची चिक्की. त्यानं मला नीट न्याहाळलं. हातांकडं नाही, डोळ्यांकडं.

"काका, ते तुम्हीच ना?"

"हो."

"तुमच्या डोक्यात काय चालू असतं हो?"

बँकेत तीन वेळा ऑडिटर बसले होते समोर, पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "का रे?"

"माझं विमान धाड धाड पडत होतं. मी काहीच केलं नव्हतं."

"टँकर असतो," मी कबूल केलं. "पाण्याचा. तो येईल का, ह्याचा विचार."

"आणि आला की?"

"मग उद्याचा येईल का, ह्याचा."

त्यानं ह्यावर बराच वेळ विचार केला. मग चिक्कीचा अर्धा तुकडा मोडून मला दिला.

"आणि तू रे? तू कशाचा विचार करतोस?"

"मी?" त्याला प्रश्नच कळला नाही. "विमानाचा."

दार उघडून ताई बाहेर डोकावल्या. दोन्ही हातांत दोन डबे, एकाला आता लाल चिकटपट्टी. "चला, झालं. आत कोण येतंय?"

मुलानं चिक्की तोंडात ठेवूनच माझ्याकडं बोट दाखवलं.

"काका आत. मी बाहेर."